कोबी सोडून काहीही: स्कायरिममध्ये बोस्मर होऊन जेवताना

व्हाइटरनच्या बाजारात कार्लोटा व्हॅलेंशियाची फळंभाज्यांची टपरी आहे आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर अनोरिअथची मटणाची. स्कायरिम हा व्हिडिओ गेम खेळणारे बहुतेक जण या दोघांसमोरून धावत किल्ल्याकडे जातात, कारण ड्रॅगन आलेला असतो. मीही कित्येक वर्षं तशीच धावले. अनोरिअथ बोस्मर, म्हणजे वुड एल्फ. त्याचा भाऊ एल्रिंडिर जवळच 'ड्रंकन हंट्समन' नावाचं दुकान चालवतो. हे दोघं भाऊ शिकारीच्या आणि मटणाच्याच धंद्यात का, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. तो पडला आणि मग मी सगळा खेळ पुन्हा पहिल्यापासून खेळले, या वेळी फक्त जेवणासाठी.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्कायरिम 11 नोव्हेंबर 2011 ला आला. टॅम्रिएल नावाच्या खंडातल्या उत्तरेकडच्या बर्फाळ प्रांतात तो घडतो. तिथली बहुतेक वस्ती नॉर्ड माणसांची. एल्फ मात्र एकाच जातीचे नाहीत. उंच, गोरेगोमटे, स्वतःला सगळ्यांत शहाणे समजणारे आल्टमर. राखाडी कातडीचे, लाल डोळ्यांचे डनमर. जंगलातले बुटके बोस्मर. आणि आंधळे होऊन अंधारात राहणारे फाल्मर. ऑर्कसुद्धा मुळात एल्फच. प्रत्येकाचा देव वेगळा आणि ताटही वेगळं.

बोस्मरांचा देश व्हॅलनवूड. त्यांच्या इफ्रे या देवाशी त्यांचा 'ग्रीन पॅक्ट' म्हणजे हिरवा करार आहे: व्हॅलनवूडमधल्या झाडापाल्याला इजा करायची नाही. फळ तोडायचं नाही, पान खुडायचं नाही, लाकूड कापायचं नाही. त्या बदल्यात जंगल त्यांना आसरा देतं, झाडं स्वतः वाकून घरांचा आकार घेतात. फालिनेस्टी नावाचं त्यांचं एक अख्खं शहर चालत्या झाडावर वसलेलं होतं. आता पान खुडायचं नाही म्हटल्यावर खायला काय उरतं? मांस, मासे, अंडी, दूध, किडे. पेयंही त्यातलीच. मांसाचा रस आंबवून रॉटमेथ, डुकरिणीचं दूध आंबवून जग्गा. बोस्मर चिलीम ओढतात ती हाडाची, आणि तीत भरतात सुरवंट. आपल्याकडे 'शुद्ध शाकाहारी' पाटी लावतात ना, त्याच्या बरोब्बर उलट टोकाला हे लोक आहेत.

तर मी एक बोस्मर पोरगी तयार केली, व्हॅलनवूड सोडून थंडीत आलेली, आणि ठरवलं की ही करार पाळणार. सोबत सर्व्हायव्हल मोड चालू केला. हा 2017 मध्ये आला आणि त्याने खेळाचा स्वभावच बदलला. मूळ खेळात जेवण ही निव्वळ गंमत आहे. लढाई थांबवून एका दमात सतरा चीज खाल्ली तरी कोणी विचारत नाही. सर्व्हायव्हल मोडमध्ये भूक लागली की दमाची हिरवी पट्टी आक्रसते, थंडीने आरोग्याची लाल, आणि झोप झाली नाही की जादूची निळी. जखम आपोआप भरत नाही, एका गावाहून दुसऱ्या गावी क्षणात उडी मारता येत नाही, ओझंही कमी उचलता येतं. म्हणजे काय खायचं आणि ते कुठे मिळेल, हा रोजचा घोर.

नियम वहीत लिहायला बसले तेव्हा पहिल्याच ओळीला अडले. करार व्हॅलनवूडच्या झाडांचा आहे. मग स्कायरिमचा कोबी चालेल की नाही? खेळाच्या कथाविश्वात याचं उत्तर बरंच सैल आहे. बोस्मर बाहेरचं लाकूड विकत घेतात, बाहेरच्या लोकांनी पिकवलेलंही काही जण खातात, कारण ज्या झाडाशी करारच झालेला नाही त्याला तोडल्याने करार मोडत नाही. पहिल्यांदा मला ही शुद्ध पळवाट वाटली. मग आपल्याच उपवासाच्या ताटाकडे पाहिलं. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो, बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची, सगळे मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज जहाजं यायच्या आधी यातलं काहीही आपल्याकडे नव्हतं. तांदूळ आणि गहू इथे हजारो वर्षांचे, तर ते एकादशीला बाहेर; आणि काल आलेला पाहुणा थेट पाटावर. भगर तेवढी इथली. मला वाटतं नियम जेव्हा ठरले तेव्हा ही मंडळी यादीत नव्हतीच, म्हणून त्यांच्यावर बंदीही नव्हती. तेव्हा बोस्मरांना नावं ठेवायचा अधिकार खिचडीवर दही घेऊन बसणाऱ्यांना तरी नाही.

तरीही माझ्या पोरीसाठी मी कडक नियम घेतला. नव्या देशात आलेली माणसं कधीकधी घरच्यांपेक्षा जास्त कडक होतात, हे मी परदेशातल्या नातेवाइकांत पाहिलंय. गावी असताना गुरुवार न पाळणारा माझा मावसभाऊ तिकडे गेल्यावर गुरुवार पाळायला लागला. तर: वनस्पती कुठलीही असो, खायची नाही, खुडायची नाही, उकळायची नाही. मध चालेल, कारण तो माशीचा. मीठ चालेल, कारण ते खनिज.

मिठावरून आजीने मध्येच तोंड घातलं. ती शेजारी वाती वळत बसली होती आणि मी खेळातल्या चुलीपाशी हरणाचं मांस भाजत होते.

"सगळा भाजीपाला टाकलास, मग मीठ कसं चालतं गं?"

"आजी, मीठ म्हणजे झाड नाही ना."

"ते कळलं. साधं की सैंधव?"

मी म्हटलं, खेळात एकच मीठ आहे. आजीने मान हलवली आणि म्हणाली, "मग तुझा नियम अजून कच्चा आहे." तिचा स्वतःचा चातुर्मास कांदा, लसूण, वांगं सोडून चालतो. मांसाला ती हातही लावत नाही, पण बोस्मर बाईचं पथ्य तिला लगेच समजलं. कोबी का टाकला याचं तिला काही नवल वाटलं नाही. त्याची सबब काय आणि अपवाद कोणते, एवढंच तिने विचारलं.

खेळात पथ्य पाळायला बसलं की कळतं, स्कायरिमची अर्थव्यवस्था किती पालेभाज्यांवर चालते. सुरुवातीला हातात पैसे नसतात तेव्हा सगळे खेळाडू लाकडं फोडतात किंवा शेतकऱ्याला गहू आणि कोबी काढून देतात. दोन्ही बंद. नदीकाठच्या रिव्हरवूडमध्ये फेंडल नावाचा बोस्मर आहे, गावात तिरंदाजी शिकवतो तोच. तो पोट भरतो कुठे, तर लाकडाच्या गिरणीत. दिवसभर ओंडके कापतो. आधी मी त्याच्याकडे फक्त कॅमिलावरून चाललेल्या प्रेमाच्या भांडणातला एक गडी म्हणून पाहायचे. आता मात्र त्याला करवतीपाशी उभा पाहून माझी पोरगी दोन पावलं मागे सरायची. खेळ त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. कोणी त्याला टोकत नाही, तोही काही सांगत नाही. त्याने करार सोडला का, की स्कायरिमची झाडं आपली नाहीत अशी मनाची समजूत घातली? व्हॅलनवूडपासून इतक्या लांब पोट भरायचं तर गावात जे काम आहे ते करावं लागतं, यापलीकडे उत्तर नसेलही.

मी मात्र शिकार करून कातडी विकली. हळू, पण जमलं.

खरी अडचण औषधांची झाली. सर्व्हायव्हल मोडमध्ये जखम आपोआप भरत नाही, तेव्हा लाल औषधाच्या बाटल्या हव्याच. सगळ्यांना माहीत असलेला काढा म्हणजे निळं डोंगरी फूल आणि गहू. दोन्ही रस्त्याच्या कडेला फुकट आणि दोन्ही मला वर्ज्य. मग प्राण्यांतून काय निघतं ते शोधायला घेतलं. मोनार्क फुलपाखराचा नारिंगी पंख तोंडात टाकून पाहिला: पहिलाच गुण, आरोग्य भरून काढणारा. रॉक वॉर्बलर पक्ष्याच्या अंड्याचाही पहिला गुण तोच. पंख आणि अंडं एकत्र केलं की बाटली तयार. स्कीव्हर नावाच्या थोराड उंदराचं भाजलेलं कातडं तळांवरच्या चुलींवर लटकलेलं सापडतं; त्याचा शेवटचा, लपलेला गुणही आरोग्याचाच. माझी पोरगी उन्हात फुलपाखरांमागे उड्या मारत फिरायची आणि घरटी धुंडाळायची. ड्रॅगनशी लढायला निघालेली वीरांगना म्हणून हे दृश्य अजिबात शोभणारं नव्हतं. दुकानातली तयार औषधं मी घेतली नाहीत, कारण बाटलीत काय आहे ते कोणीच लिहीत नाही. आपल्या पाकिटांवर असतो तसा हिरवा ठिपका असता, तर तो बघून मी बाटली खाली ठेवली असती.

मग थंडी. उत्तरेला विंटरहोल्डकडे जाताना अंग गोठतं आणि त्यावर खेळातला सरळ उपाय म्हणजे गरम सूप. आता या सूपांच्या कृती बघा. बीफ स्ट्यूमध्ये गाजर आणि लसूण. हरणाच्या स्ट्यूमध्ये लीक आणि बटाटा. हॉर्कर म्हणजे तिथला वॉलरससारखा प्राणी, त्याच्या स्ट्यूमध्ये टोमॅटो, लसूण आणि चक्क लव्हेंडर. मांसाचा नुसता रस्सा उकळायची सोयच खेळात नाही. ज्याने या कृती लिहिल्या त्याला पातेल्यात भाजी नसलेला रस्सा सुचलाच नाही, तांबडा-पांढरा तर दूरच. शेवटी लोकरी कातड्याचे कपडे, दुसऱ्यांनी पेटवलेल्या शेकोट्या आणि मीठ लावून भाजलेलं मांस यांवर मी तो प्रवास काढला. स्वतः लाकूड जाळायचं नाही, पण दुसऱ्याच्या आगीशी हात शेकायला हरकत नाही, ही माझी सोय. आजीला सांगितली तेव्हा ती फक्त "हं" म्हणाली.

चीजने खूप हात दिला. राक्षसांच्या तळांवर मॅमथच्या दुधाचं चीज वाडग्यात ठेवलेलं असतं. राक्षस मॅमथांची राखण करतात, शेकोटीभोवती शांतपणे फिरतात आणि तुम्ही वाडग्याला हात लावलात की सोट्याच्या एका तडाख्यात आकाशात पाठवतात. करार पाळणाऱ्या मुलीला अख्ख्या प्रांतात बिनघोर खाता येईल असं जेवण राक्षसांकडेच, आणि ते वाढायला तयार नाहीत.

पेयांत मीड चालते, कारण ती मधाची. पण खेळाच्या अगदी सुरुवातीला, हेल्गेनला घोडागाडीतून जाताना, एक नॉर्ड कैदी आठवण काढतो ती जुनिपरची फळं घातलेल्या मीडची. म्हणजे खेळात पदार्थाचा पहिला उल्लेख होतो तोच माझ्या पथ्यात न बसणारा. साधी मीड मात्र भरपूर मिळते. एल, म्हणजे धान्याची बिअर, आणि वाइन बंद.

अळंब्यांवर मी बराच वेळ घालवला. अळंबी वनस्पती नाही हे आपण शाळेत शिकलो. रॉबर्ट व्हिटेकरने 1969 मध्ये पाच सृष्टी मांडल्या आणि कवकांना वेगळं घर दिलं. पण इफ्रेने व्हिटेकर वाचलेला नसणार. आमच्या घरात तर अळंबीचा प्रश्न कधीच सुटला नाही: आजी म्हणते ती शाकाहारातही नाही आणि मांसाहारातही नाही, तेव्हा खायचीच नाही. मी तिचा निकाल उचलला, आणि पुढे तो निकाल फारच बरोबर वाटला. स्कायरिमखाली फाल्मर राहतात. कधीकाळी ते हिमएल्फ होते, याच प्रांताचे मूळ रहिवासी. नॉर्डांनी मारून काढलं तेव्हा ते जमिनीखाली राहणाऱ्या ड्वेमर एल्फांकडे आसरा मागायला गेले. ड्वेमरांनी आसऱ्याची किंमत सांगितली: ही विषारी अळंबी खा. ती खाऊन ते आंधळे झाले, मग गुलाम झाले, आणि पिढ्यांमागून पिढ्या अंधारात घालवून आताचे ते किळसवाणे जीव झाले. 2012 च्या डॉनगार्ड या जोडखेळात गेलेबोर भेटतो, डोळस राहिलेला हिमएल्फ. त्याच्या तोंडून हे ऐकल्यावर गुहेतली चमकणारी अळंबी तोडायला माझा हात झाला नाही. यजमानाने पुढे ठेवलेलं ताट नाकारता येत नाही, इतकी गरज असलेला पाहुणा काय करणार? एल्फांच्या जेवणाबद्दल या खेळात जे काही लिहिलंय त्यात मला ही गोष्ट सगळ्यांत भयंकर वाटते.

कराराची दुसरी बाजू मांसाची. लढाईत मारलेल्या शत्रूचं मांस सडू द्यायचं नाही. तीन दिवसांच्या आत खाऊन संपवायचं, वाटल्यास घरच्यांनी मदत करायची. म्हणून बोस्मर योद्धे लढाईआधी उपास करतात. आता माझी पोरगी एकटी, घरचे हजारो कोसांवर, आणि स्कायरिममध्ये दर वळणावर डाकू. तीन दिवसांत एकटीने सहा डाकू कसे संपवायचे? मार्कार्थमध्ये नमिरा देवीचं एक काम मिळतं आणि बक्षीस म्हणून एक अंगठी. ती घातली की प्रेत खाता येतं. पहिल्यांदा वाटलं, झालं, ही अंगठी घेतली की करार पुरा. पण त्या कामात आर्के देवाच्या पुजाऱ्याला, ब्रदर व्हेरुलसला, गोड बोलून मेजवानीला न्यायचं आणि मारायचं असतं. तो शत्रू नाही. करार शत्रूला खा म्हणतो, विश्वासाने आलेल्याला नाही. मी त्याला घरी जाऊ दिलं. मग उरला एकच मार्ग: माणसं मारायचीच कमी. मी दबकत चालायला शिकले, तळांना वळसा घालायला शिकले, जनावराला वश करायची बोस्मरांची शक्ती वापरून अस्वल पुढे करायला शिकले. अस्वलाने मारलेल्याचा हिशोब अस्वलाकडे. इतक्या वर्षांत मी हा खेळ इतक्या शांतपणे कधी खेळले नव्हते.

थालमोर म्हणजे आल्टमरांचं राज्य चालवणारी मंडळी. त्यांच्या दूतावासातल्या मेजवानीत मॅलबोर्न भेटतो. तोही बोस्मर, त्याच्या घरच्यांना थालमोरांनी मारलं, आणि हा त्याच थालमोर आल्टमरांच्या मेजवानीत पेले भरतो. तिथे रझेलान नावाच्या पाहुण्याला दारू पाजली की तो गोंधळ घालतो आणि आपल्याला आत सटकता येतं. मी पेला नेऊन दिला. स्वतः घेतला नाही.

डनमरांचं प्रकरण वेगळं, आणि मला जास्त ओळखीचं. त्यांचा देश मॉरोविंड. तिथे क्वामा नावाच्या प्रचंड किड्यांची अंडी खाणीतून काढून खातात, सॉल्टराइस पिकवतात, त्याचीच माझ्टे नावाची दारू गाळतात. लाल डोंगर फुटला, देश राखेखाली गेला आणि हजारो डनमर स्कायरिममध्ये आले. विंडहेल्ममधल्या त्यांच्या वस्तीला आता ग्रे क्वार्टर म्हणतात. तिथे 'न्यू ग्निसिस कॉर्नरक्लब' नावाची खानावळ आहे. ग्निसिस हे मॉरोविंडमधलं गाव. नाव गावचं ठेवलं, पण समोर येतं ते कुठल्याही नॉर्ड खानावळीतलंच. सामान मिळत नाही, की पोरांना आता तेच आवडतं, कोण जाणे. क्वामाचं अंडं तिथे मला दिसलं नाही.

सोल्स्थाइम बेटावरच्या रेव्हन रॉकमध्ये मात्र चित्र पालटतं. हेही निर्वासितांचंच गाव, पण स्वतःचं. घरांच्या कडेला राखेत उगवणारं अ‍ॅश याम हे कंदमूळ लावलेलं. गेल्डिस सॅड्री खानावळीत स्वतःच्या हातची सुजम्मा ही दारू करतो, आणि तिची चव लोकांना लागावी म्हणून गावभर फुकट वाटायचं काम आपल्याला देतो. चुलीवर एक पदार्थ शिजतो तो दुसरीकडे कुठेही नाही: हॉर्कर आणि अ‍ॅश यामचं स्ट्यू. हॉर्कर या थंड किनाऱ्याचा, नॉर्डांच्या जेवणातला, याम राखेतलं, डनमरांचं, वर लसूण. कोणी ठरवून केलेला हा पदार्थ नव्हे. समुद्रावर जे मिळालं आणि अंगणात जे उगवलं ते एकाच पातेल्यात पडलं. विंडहेल्मच्या डनमरांना शेजारी जास्त, अंगण कमी; इथे उलटं. मला वाटतं एवढाच फरक आहे.

माझ्या पोरीने ते स्ट्यू खाल्लं नाही. हॉर्करचं मांस वेगळं घेतलं, मीठ लावून भाजलं आणि सुजम्माच्या बाटल्या गावभर पोचत्या केल्या. मुख्य कथा तिने पुरी केली नाही, आणि मला त्याची घाई नाही. सध्या मी दुसरी पोरगी घेतलीय, डनमर, विंडहेल्ममध्ये जन्मलेली. तिचा नियम एकच आहे: सोल्स्थाइमला पोचून अ‍ॅश याम खाईपर्यंत नॉर्डांची मीड प्यायची नाही. गलबताचं भाडं 250 नाणी. ती लाकडं फोडून पैसे जमवतेय, तिला त्याचं काही वावडं नाही.